खिडकीत धरलेली नोट

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आहे. त्यातला बराचसा साक्षीदारांशिवाय झाल्यामुळे आता सरळ कानावर हात ठेवता येतात. हा एक मात्र नाकबूल करता येत नाही, कारण तो मी भरल्या बैठकीत, मोठ्या आवाजात केला. माझ्या मुलीला बघायला आलेल्या घरच्या आजींनी तिच्या हातावर शंभराची कोरी नोट ठेवली. ती मी मुलीच्या हातातून उचलली, खिडकीपाशी नेली, एक डोळा मिटून उजेडाकडे धरली आणि निकाल दिला, "ही नोट खोटी आहे."

एवढं लिहितानाही कान गरम झाले. माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मतःच शहाणी आहे. हा गैरसमज मी बरीच वर्षं जपला. पण आता वय असं आहे, की गैरसमजापेक्षा गुडघे जपावेत.

तर तेव्हाची मी. चाळिशी मागे पडलेली, केसांना मेंदी, डोळ्यांवर नवा चष्मा आणि जिभेवर पुणं. नवऱ्याची नोकरी इथल्या, बंगळुरातल्या कारखान्यात, म्हणून बनशंकरीत घर केलेलं. या गावात येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण मी अजून स्वतःला पाहुणीच समजत होते, आणि पाहुणी तरी कशी, तर यजमानांनी आपल्याकडून चार गोष्टी शिकाव्यात अशी अपेक्षा करणारी. कन्नड मला 'स्वल्प' येत असे. म्हणजे 'स्वल्प' हा एवढा शब्द येत असे. तो मी रिक्षात, फुलवालीकडे, दूधवाल्याशी, जिथे तिथे पेरायची आणि आपण काय फाडफाड बोलतो म्हणून मनातल्या मनात खूश व्हायची.

त्या वर्षी, शहाण्णव साली, आम्ही जुना फ्रिज विकला. घेणारा गृहस्थ इतका गोड बोलला, की मी त्याला कॉफी दिली, वर चकली दिली. त्याने दिलेल्या पाचशेच्या नोटा मी बोटाला थुंकी लावून मोजल्या. आकडा जुळला, मी समाधानाने पदर खोचला. दुसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवरच्या बाईंनी त्यातली एक नोट बाजूला काढली, तिच्यावर शिक्का मारला आणि ती परत देईनात.

"ही आमच्याकडेच राहणार, मॅडम. खोटी आहे."

"पण ती माझी आहे!"

"तुमची आहे असं म्हणू नका. मग पोलीस विचारतील, कुठून आणली."

ती नोट माझी नाही, असं मी तत्काळ मान्य केलं.

माझा चेहरा बघून बाईंना दया आली असावी. त्यांनी एक खरी पाचशेची नोट माझ्यासमोर धरली. "ही पांढरी जागा रिकामी दिसते ना? उजेडाकडे धरा. आत सिंह दिसले की नोट खरी." मी धरलं. खरंच, कोऱ्या कागदाच्या पोटात सारनाथचे सिंह बसले होते. बस, या एका वाक्यावर मी नोटांची पंडित झाले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फ्रिज गेला, पाचशे गेले, चकलीपण गेली." आणि पेपर वाचायला लागला. याच शांतपणाचा मला आयुष्यभर त्रास झाला आहे.

त्या दिवसापासून माझ्या हाती आलेली एकही नोट उजेड पाहिल्याशिवाय पर्समध्ये गेली नाही. वाण्याने सुटे दिले, की मी दुकानाबाहेर येऊन उन्हात उभी. रिक्षावाल्याने परत दिलेली विसाची नोट मी त्याच्याच दिव्यासमोर धरून बघितली. फुलवाली अक्का तर मला लांबून बघितलं, की नोट आधीच आभाळाकडे धरून दाखवायची आणि मग हसत हातात द्यायची. तिला मी सावध बाई समजत होते. ती माझी नक्कल करते आहे, हे कळायला मला फार वेळ लागला.

गंमत म्हणजे दुसऱ्याच्या नोटांबद्दल एवढी कडक असलेली मी स्वतःच्या नोटांबद्दल भलतीच उदार होते. एकदा माझ्याकडे एक दहाची नोट होती, मधोमध फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. वाणी ती घेईना. मी त्याला तिथेच व्याख्यान दिलं. नोट सरकारची आहे, तिच्यावर सही आहे, वचन आहे, मागे तेरा भाषांत रक्कम लिहिली आहे, तुझीही भाषा आहे आणि माझीही आहे, तुला ती घ्यावीच लागेल! मागे रांगेत उभी असलेली माणसं ऐकत होती, त्यामुळे मला आणखी चेव आला. वाण्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नोट सरकारची, अम्मा. गल्ला माझा."

मी तणतणत घरी आले. हे वाक्य पुढे पुन्हा भेटणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यालाही मी उजेडाकडे धरलं असतं.

अशा या पंडितबाईंच्या घरी एका रविवारी मुलीला बघायला मंडळी यायची होती. बघायला म्हणजे नुसतं म्हणायचं. मुलगी आणि मुलगा एकाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात कामाला, दोघांनी एकमेकांना आधीच बघून ठेवलेलं. मुलीने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "आई, ते मराठीच आहेत. तीन-साडेतीनशे वर्षं बंगळुरात आहेत. पेटेत, जुन्या बाजारात, त्यांचं शिवणाचं दुकान आहे. त्याचे बाबा नाहीत. घरात आई आहे आणि अज्जी आहेत. अज्जी हो म्हणाल्या, की झालं. नाही म्हणाल्या, तर तो पुढे जायचा नाही आणि मीही त्याला जा म्हणणार नाही."

मी म्हटलं, "मराठी कसले? 'स्वल्प चहा घ्या' म्हणणारे!"

"तू पण स्वल्पच म्हणतेस."

"मी कन्नड बोलताना म्हणते. ते मराठी बोलताना म्हणतात. फरक आहे."

माझ्या मते ती मराठी चलनात नव्हती. कुठूनतरी घासून, झिजून आलेली, दुसऱ्याच छापाची. बोलणारे तीन शतकं बोलत असले म्हणून काय झालं, पुण्याने शिक्का मारलेला नव्हता ना!

मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि अज्जी. बंगळुरात आजीला अज्जी म्हणतात, त्यांना सगळी गल्लीच अज्जी म्हणे, म्हणून मीही इथे तेच लिहिते. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पाठीचा कणा मात्र फूटपट्टीसारखा. गडद हिरवं इरकल. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी आमच्या सोफ्याच्या कव्हराची कड उचलली आणि चक्क उलटी करून बघितली.

"हे कुणी शिवलं?"

"मीच," मी म्हटलं. आवाजात बर्फ होता, फ्रिज नव्हता तरी.

"मागची टीपपण सरळ आहे की," असं म्हणून त्या बसल्या.

मला राग आला. पहिल्यांदाच घरात आलेली बाई आमच्या घराची उलटी बाजू बघते! मी आत जाऊन पोह्यांवर खोबरं जरा जोरातच भुरभुरलं. कॉफी आणली, तेव्हा अज्जी म्हणाल्या, "मला साखर स्वल्प कमी घाला की, बाई. तोंड गोड करायचं ते बोलून करू." नवरा हसला. मुलगी हसली. मी मनात 'स्वल्प'खाली लाल रेघ मारली.

त्यांनी मुलीला काहीबाही विचारलं. स्वयंपाकाचं एक अक्षर नाही. ऑफिसला कुठल्या बसने जातेस, पावसात छत्री विसरतेस का, रागावल्यावर बोलतेस का गप्प बसतेस. मुलगी म्हणाली, "बोलते." अज्जी म्हणाल्या, "बरं. आमच्यात सगळी गप्प बसणारी आहेत, घरात एक तरी पाहिजे." मग मुलाच्या आईने मुलीला कुंकू लावलं, नारळ दिला. आणि अज्जींनी रुमालाच्या घडीतून शंभराची एक नोट काढली. इतकी कोरी, की तिचा कुरकुर आवाज झाला. दोन्ही हातांनी त्यांनी ती मुलीच्या तळहातावर ठेवली.

आणि मी ती उचलली.

सवयच लागली होती. हात आपोआप गेला, पाय आपोआप खिडकीकडे गेले. बघते तर काय, नोटेवर बापूंचं चित्र! बापू पाचशेवर असतात, शंभरावर सिंह असतात, हे मला फ्रिजची किंमत मोजून कळलेलं होतं. उजेडाकडे धरली. रिकाम्या जागेत सिंहांचा पत्ता नाही. मला तर हसूच आलं. खोट्या नोटा करणारा एवढा अडाणी, की पाचशेचं चित्र शंभरावर छापून बसला!

"ही नोट खोटी आहे," मी म्हटलं. आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! "बघा ना, सिंहच नाहीत आत. तुम्हाला कुणीतरी फसवलं, अज्जी. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने खपवली असेल. सांभाळून राहायला पाहिजे हो आजकाल."

म्हणजे वर मी त्यांचं सांत्वन करत होते.

मुलाच्या आईचा चेहरा लालबुंद झाला. "आमच्या अत्ते कुणाच्या हातावर खोटी—" तिने सुरुवात केली. अत्ते म्हणजे सासूबाई. अज्जींनी नुसतं बोट वर केलं, ती थांबली. मुलगा जमिनीकडे बघत होता. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. तसं तिने माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. नवरा खोकला. तेवढंच त्याचं योगदान.

अज्जी शांतपणे म्हणाल्या, "सरी, बरं. तुमच्या घरात ही चालत नाही म्हणता, तर राहू दे." त्यांनी नोट माझ्या हातातून घेतली, रुमालाच्या घडीत परत ठेवली. मग कमरेची पानसुपारीची चंची सोडली आणि तिच्यातून एक दहाची नोट काढली. जुनी, मऊ पडलेली, कोपऱ्याला चुन्याचा डाग. ती मुलीच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "घे पुट्टी, पोरी. रिकामा हात बरा नाही." आणि माझ्याकडे वळून, "हीपण बघून घ्या की, बाई. उजेड आहे अजून."

आता कुठल्याही अकलेच्या बाईला यातला टोमणा कळला असता. मी काय केलं? मी ती नोट घेतली आणि खिडकीत धरून बघितली. सिंह होते. "ही ठीक आहे," मी म्हटलं.

मंडळींनी पोहे संपवले. कुणी पान टाकून उठलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. अज्जी जाताना नवऱ्याला म्हणाल्या, कॉफी छान होती. मला काही म्हणाल्या नाहीत.

दार लागलं. मुलगी तिथेच उभी. हातात नारळ आणि चुन्याचा डाग असलेली नोट.

"आई, त्यांच्यात मुलगी पसंत असेल तरच घरातली मोठी बाई तिच्या हातावर कोरी नोट ठेवते. नाहीतर नुसतं कुंकू आणि नारळ. ती नोट म्हणजे अज्जींचा होकार होता."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तू त्यांचा होकार खोटा म्हणालीस. आणि त्या तो परत घेऊन गेल्या," एवढं बोलून ती आत गेली. रागावल्यावर बोलणारी माझी मुलगी त्यानंतर दिवसभर गप्प होती.

तुम्हाला वाटेल, आता तरी मला पश्चात्ताप झाला असेल. छे! सोमवारी मी बँकेत गेले ती पुरावा आणायला. शंभराच्या नोटेवर बापू नसतात असं काउंटरवरच्या बाईंच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि मग घरी येऊन मुलीला ऐकवायचं, असा माझा बेत होता. बँकेत पाऊल टाकलं तर भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र. शंभराची नोट. तिच्यावर बापू. आणि जाळीच्या पलीकडे बाई तसल्याच नोटांची गड्डी सोडत होत्या.

"नव्या आल्या ना, मॅडम," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांवर बापूच येणार हळूहळू."

"आणि सिंह?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"ते गेले त्या रिकाम्या जागेतून. तिथेही बापूच. धरून बघा."

माझ्या खात्यातून मी शंभर रुपये काढले आणि तसली एक नोट मागून घेतली. उजेडाकडे धरली. कोऱ्या जागेत बापू होते. हसत होते. कुणाला हसत होते, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

तिथूनच मी पेटेला जायला बसमध्ये चढले. घरी जाऊन तोंड दाखवायची छाती नव्हती. पर्समध्ये दुसरा पैसा नव्हता, एवढी ती एकच नोट. कंडक्टर आला. मी नोट पुढे केली.

"इदेनम्मा?" त्याने नोट उलटीसुलटी केली. हे काय आहे, अम्मा? ही नाही चालायची.

"नवी आहे. बँकेतून आत्ताच आणली."

त्याने नोट पुढच्या सीटवरच्या एका गृहस्थांकडे दिली. त्यांनी ती बसच्या खिडकीत धरली आणि एक डोळा मिटला. "सिंह इल्ल," ते म्हणाले. सिंह नाहीत. नोट मग तिसऱ्याकडे गेली, चौथ्याकडे गेली. अर्धी बस माझ्या नोटेत सिंह शोधत होती. एक कॉलेजची मुलगी हिंदीत कुजबुजली, "बिचाऱ्या, कुणीतरी फसवलं त्यांना." अगदी माझ्याच सुरात!

"सरकारची नोट आहे!" मी उभी राहून सांगितलं. मराठी, हिंदी आणि माझं एकशब्दी कन्नड यांची मिसळ करून. "घ्यावीच लागेल!"

कंडक्टर म्हणाला, "मग सरकारकडून तिकीट घ्या, अम्मा," आणि त्याने घंटी वाजवली. बस थांबली. मला त्याने हात धरून, खरं सांगते, अतिशय आदराने खाली उतरवलं.

उरलेली वाट मी चालत गेले. नव्या चपला होत्या, चावत होत्या. ऊन होतं. पत्ता मुलीच्या बोलण्यातून अर्धवट माहीत होता. पेटेतल्या गल्ल्यांत मी विचारत विचारत गेले, आणि ज्याला ज्याला 'शिवणाच्या दुकानातल्या अज्जी' म्हटलं, तो तो हातातलं काम टाकून मला पुढच्या वळणापर्यंत सोडायला आला.

दुकान खाली, घर वर. अज्जी पाटावर बसून कापड बेतत होत्या. मी लगेच आत गेले नाही. समोरच्या पायरीवर टेकले आणि बघत राहिले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा बघितलं असं म्हणायला हरकत नाही, आदल्या दिवशी मी फक्त नोट बघितली होती. एक बाई आली, तिच्याशी अज्जी तमिळ बोलल्या. बुरखा घातलेली एक पोर आली, तिच्याशी दख्खनी उर्दू, आणि तिच्या सलवारीच्या मापावरून थट्टाही. समोरच्या भांडेवाल्याला कन्नडमध्ये काहीतरी असं ऐकवलं, की तो हातातला तांब्या ठेवून हसायला लागला. आणि मग आतल्या कुणालातरी मराठीत, "ते अस्तर आधी भिजव की गं, नाहीतर आटेल मागाहून." एका भाषेतून दुसरीत त्या अशा जात होत्या, जशी आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. दिवा न लावता. कुठल्याच भाषेत त्या पाहुण्या नव्हत्या. आणि मी एकाच भाषेच्या जोरावर केवढा तोरा मिरवत होते! त्यांची मराठी मला झिजलेली वाटली होती. झिजलेली होतीच. तीनशे वर्षं रोज हातात खेळली, बाजारात गेली, पोराबाळांना झोपवायला वापरली, तर झिजणार नाही? माझी कोरी होती, कारण मी ती कपाटातून बाहेरच काढत नव्हते.

"बाई, ऊन लागेल," अज्जींनी आतून हाक मारली. "आत बसून बघा की, काय बघायचं ते."

त्यांनी मला कधीच पाहिलं होतं.

मी आत गेले. पाया पडले. पाया पडायचं असं ठरवून गेले नव्हते, पण पाय दुखत होते आणि वाकल्यावर बरं वाटलं, हेही खरं. म्हटलं, "अज्जी, नोट खरी होती. मीच चुकले. माझ्या पोरीचा काही दोष नाही. तिला याची शिक्षा देऊ नका."

अज्जींनी कापडावर खडूची रेघ ओढायला घेतली. मुलाची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो माझ्यासमोर ठेवला, जरा आपटूनच. म्हणाली, "अत्ते त्या नोटेसाठी बँकेत जाऊन बसल्या होत्या. नवी नोट आली म्हणून कळलं, तर म्हणाल्या, अजून कुणी खर्चलेली नको, गड्डीतली सगळ्यात वरची पाहिजे. मी म्हटलं, मी आणते. तर नाही, मुलीच्या हातावर मी ठेवणार, मीच आणणार. आणि तुम्ही ती खिडकीत धरली."

या बाईचं मन वळलं नाही, तर अज्जींचा होकारही फुकट, हे मला उमगलं. एकाच घरात राहणार होत्या ना, ही आणि माझी मुलगी. माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती. मी पर्समधून नवी नोट काढली आणि बसमधली सगळी हकिकत सांगितली. अर्ध्या बसने सिंह शोधले ते. कॉलेजची मुलगी बिचाऱ्या म्हणाली ते. मी उभी राहून सरकारच्या नावाने ओरडले ते, आणि कंडक्टरने मला हात धरून उतरवलं ते. त्याचा आवाज काढून दाखवला. आधीच्या वाण्याचीही गोष्ट सांगितली, फ्रिजची सांगितली, त्या लबाडाला दिलेल्या चकलीचीसुद्धा.

चकलीपाशी मुलाची आई हसली. तिला हसायचं नव्हतं, तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले. आणि एकदा हसायला लागली ती थांबेना. "म्हणजे बनशंकरीपासून चालत?" तिने विचारलं.

"निम्म्या वाटेपासून. निम्मी वाट फुकट आले."

ती आत गेली आणि येताना कॉफी घेऊन आली. आणि माझ्या टाचेला लावायला खोबरेल तेलाची वाटी.

अज्जींनी तोवर कापडावरची खडूची रेघ पूर्ण केली होती. मग त्या उठल्या, भिंतीतल्या देव्हाऱ्यापाशी गेल्या. कुंकवाच्या करंड्याखालून त्यांनी तीच नोट काढून मला दाखवली. घडी न पडलेली. मला वाटलं होतं, एव्हाना ती खर्ची पडली असेल.

"मोडली नाहीत तुम्ही?"

"मोडू कशी?" अज्जी म्हणाल्या. "मुलीची आहे ती. मी नुसती सांभाळायला आणली."

मी हात पुढे केला. त्यांनी नोट परत करंड्याखाली सारली. "तुमच्याकडे नाही देणार. तिच्याच हातावर ठेवायची."

मला रडू येत होतं आणि नाक पुसायला रुमाल नव्हता, म्हणून त्यांनी पाटावरची एक चिंधी दिली. ती चिंधी, मऊ, फुलाफुलांची, आजही माझ्याकडे आहे. मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला, अज्जी?"

"आला की. घरी जाईपर्यंत होता," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, मी तिच्या घरी गेले, बसायच्या आधी कव्हर उलटं करून बघितलं. तिने माझी नोट उलटी करून बघितली. दोघी सारख्याच खोडीच्या."

निघताना मुलाच्या आईने बसला लागतील म्हणून सुटे पैसे माझ्या मुठीत कोंबले. मी ते न बघता पर्समध्ये टाकले. माझ्या आयुष्यातली ती पहिली तपासणी न झालेली रक्कम असावी. अज्जी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या, चष्मा गळ्यात, बोटांना खडू. बस येताना दिसली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या,

"रविवारी नातवाला घेऊन येते, विहीणबाई. त्यालापण एकदा खिडकीत धरून बघा की. सिंहबिंह दिसायचे नाहीत आत, पण नोट खरी आहे."